ब्लेचली पार्कला मंडळाची एक दिवसाची सहल: फजिती न होता कशी काढायची

पहिल्यांदा आम्ही मंडळाची सहल ब्लेचली पार्कला नेली ना, तेव्हा परत येताना कोचमध्ये मागच्या सीटवरून एका काकांनी मला अगदी शांतपणे विचारलं, "अगं, सगळं छान झालं, वडे तर फारच छान, पण तिथं बघायचं नक्की काय होतं?" मला उत्तरच सुचेना, कारण काकांचं काही चुकलं नव्हतं. किल्ला नाही, तोफ नाही, बुरूज नाही. एक लाल विटांचा बंगला, समोर तळं, आणि बाजूला हिरव्या रंगाच्या लाकडी बराकी, आत टेबलं-खुर्च्या आणि जुने टाइपरायटर, बस्स. आपल्याला लढाईची जागा म्हटलं की पन्हाळा नाहीतर सिंहगड डोळ्यासमोर येतो, इथे दुसऱ्या महायुद्धात शत्रूचे सांकेतिक संदेश फोडायची लढाई कागद-पेन्सिलीनं लढली गेली आणि संपल्यावर बरेचसे कागद आणि मशिनंसुद्धा मुद्दाम नष्ट केली, त्यामुळे डोळ्याला दिसण्यासारखं कमीच उरलंय.

त्यानंतर मी ही सहल अजून दोनदा काढली आणि ती चांगली झाली. लंडन, हॅरो, स्लाव, रेडिंग, वॉटफर्ड इकडच्या कुठल्याही मंडळाला किंवा भिशी ग्रुपला एका दिवसात सहज जमण्यासारखी आहे. फक्त गंमत अशी की या सहलीचं निम्मं काम निघायच्या आधीच्या आठवड्यात असतं. ते नाही केलंत तर तुमचेही काका विचारणार.

आधी तारीख. मे ते सप्टेंबर बरा, एक म्हणजे इंडियातून आलेले आई-बाबा तेव्हा इथेच असतात, दुसरं म्हणजे उन्हाळ्यात पार्क जरा जास्त वेळ उघडं असतं, हिवाळ्यात लवकर बंद होतं आणि अंधारही होतो, वेळा बदलतात तेव्हा बुकिंगच्या वेळी साइटवर बघून घ्या. बँक हॉलिडे टाळा. जूनमध्ये जाणार असाल तर हे-फीव्हरवाल्यांनी (म्हणजे परागकणांची ॲलर्जी असणाऱ्यांनी) गोळी घेऊन यायचं, तिथे गवत भरपूर आहे. इथला सगळ्यात प्रसिद्ध कोडब्रेकर, गणिती ॲलन ट्युरिंग, त्यालासुद्धा हे-फीव्हर होता आणि तो जूनमध्ये चक्क तोंडावर गॅस मास्क चढवून सायकलवरून ऑफिसला यायचा, हे मी शिंकणाऱ्या प्रत्येकाला सांगते, तेवढाच धीर.

माणसं किती? माझं मत विचाराल तर तीस. चाळीसच्या वर जाऊच नका. त्या बराकींना तिथं हट म्हणतात, आतले पॅसेज इतके अरुंद की समोरासमोर दोन माणसं आली की एकाला भिंतीला चिकटावं लागतं, आणि खोल्या मुद्दाम अंधुक ठेवल्यात. आम्ही पहिल्या वेळी चाळीसच्या चाळीस जण एकदम एका हटमध्ये घुसलो, पुढचे बाहेर यायला बघतायत, मागचे आत यायला बघतायत, मधे एक प्रॅम, दादरचा ब्रिज झाला अगदी. आता मी आठ-आठ दहा-दहाचे गट करते, प्रत्येक गटाला एक म्होरक्या, शक्यतो तरुण कॉलेजवाला मुलगा किंवा मुलगी, आणि गट कुटुंबाप्रमाणे पाडत नाही. नवरा एका गटात बायको दुसऱ्या, आजी नातवाबरोबर. सुरुवातीला कुरकुर होते पण मग लोक खरंच बघतात, नाहीतर घरातल्याच गप्पा, गॅस बंद केला का, बोईलर बघितलास का वगैरे.

पैशांचं एकच सांगते, पैसे खात्यात आले की नाव लिस्टवर, त्याआधी नाही. "टाका हो माझं नाव, देतो नंतर" वाले पाच जण असतातच आणि त्यातले दोघं आदल्या रात्री गळतात. तिकिटाचं असं आहे की नेहमीचं तिकीट वर्षभर चालतं, म्हणजे त्याच तिकिटावर पुन्हा येता येतं, ग्रुप बुकिंगला दर वेगळा असतो पण त्यात ही वर्षाची सोय आहे की नाही ते आधी विचारून घ्या, मग ठरवा. शाळकरी मुलं असलेल्या घरांना वर्षवालं तिकीट परवडतं असा माझा अनुभव.

जायचं कसं. पंधरापर्यंत माणसं असतील तर डोळे झाकून ट्रेन. यूस्टनहून साधारण पाऊण तास लागतो आणि ब्लेचली स्टेशनवरून पार्क चालत पाच मिनिटांवर आहे, आजी-आजोबांनाही जमतं. तीन ते नऊ जणांनी एकत्र ऑफ-पीकचं तिकीट काढलं तर ग्रुपसेव्हमध्ये एक तृतीयांश सूट मिळते, तेव्हा पंधरा जण असाल तर दोन गटात तिकिटं काढा. रविवारी जाणार असाल तर रुळांचं काम चालू नाही ना ते आधी बघा, नाहीतर रेल्वेऐवजी बस नशिबी येते आणि मग पाऊण तासाचे दोन तास.

आणि ट्रेननं जाण्यात एक मजा आहे, ती लोकांना डब्यातच सांगून टाका. हे सगळं ब्लेचलीसारख्या आडबाजूच्या गावात का आलं? तर रेल्वेमुळे! लंडनहून उत्तरेकडे जाणारी मुख्य लाइन आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजला जोडणारी लाइन इथे एकमेकींना छेदायच्या. दोन्ही युनिव्हर्सिटीतले गणिती आणि भाषावाले प्रोफेसर थेट गाडीत बसून यायचे. १९३८ मध्ये गुप्तहेर खात्याची माणसं जागा बघायला पहिल्यांदा आली ती शिकारीला आलेल्या पार्टीचं सोंग घेऊन, सोबत उत्तम आचारी घेऊन. म्हणजे ब्लेचली पार्कची सुरुवातच मुळी ग्रुप ट्रिपनं झाली, खाण्यापिण्याच्या चोख सोयीसकट. हे सांगितलं की आमच्या जेवण कमिटीची मान एकदम ताठ होते.

पंधराच्या वर माणसं असतील तर कोच किंवा मिनीबस. इथे दोन गोष्टी. एक, ड्रायव्हरला साडेचार तास ड्रायव्हिंग झालं की पंचेचाळीस मिनिटं ब्रेक घ्यावाच लागतो, तो कायदाच आहे, तेव्हा "जाता जाता अजून एक देऊळ करू, मग आउटलेट करू" असले प्लॅन त्याच्याशी बोलल्याशिवाय करू नका. दुसरं, पिकअप एकच ठेवा. आमचे पहिल्या वेळी तीन पिकअप होते, त्यात कोच मुळातच पन्नास मिनिटं उशिरा आला, मग दुसऱ्या पिकअपला एक जण घरी छत्री आणायला गेला, असं करत करत आम्ही सव्वाबाराला पोचलो. पोचल्या पोचल्या सगळ्यांना भूक. डबे उघडले, दोन वाजले. मग चहा. राहिले दोन-अडीच तास, त्यातला पाऊण तास बंगल्यासमोर फोटोत. आता विचारा काकांना काय दिसणार होतं ते. दारं उघडायच्या वेळेला गेटवर हजर, हा नियम तेव्हापासून.

आता मुख्य मुद्दा, आदल्या आठवड्यातली तयारी. लिंका पाठवू नका, कुणी उघडत नाही. मी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर दोन-दोन तीन-तीन मिनिटांच्या व्हॉइस नोट टाकते, दिवसाला एक, मराठीत, गोष्ट सांगितल्यासारख्या. आज्या त्या भाजी चिरताना ऐकतात. चार-पाच नोटा पुरे, त्यात काय सांगायचं ते इथे देते.

पहिल्या दिवशी च-ची भाषा. लहानपणी आपण सगळे बोललोय, काय चं चायका, घर चं चरघ, आणि मोठ्यांना कळत नाही असं वाटायचं आपल्याला. ही झाली एका नियमाची सांकेतिक भाषा, नियम कळला की खेळ खलास. जर्मनांनी काय केलं, तर दर अक्षराला नियमच बदलणारं मशीन घेतलं, एनिग्मा. टाइपरायटरसारखं दिसतं, तुम्ही एक अक्षर दाबलं की वर दुसऱ्याच अक्षराचा दिवा लागतो, तेच अक्षर परत दाबलं तर तिसऱ्याच अक्षराचा लागतो, कारण आतली चाकं दर वेळी फिरतात. शिवाय पुढे वायरींचा प्लगबोर्ड. एकूण जुळण्या किती होतात तर १५८ वर अठरा शून्यं, त्याहूनही जरा जास्तच. आणि दर मध्यरात्री सेटिंग बदलणार, म्हणजे आज रात्रीपर्यंत नाही सापडलं तर उद्या पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या दिवशी या मशीनची खोड. एनिग्मात कुठलंही अक्षर स्वतःचंच कधी होत नाही. ए दाबलं तर ए सोडून बाकी कुठलाही दिवा लागेल. एवढीशी गोष्ट, पण तिथेच सापडलं मशीन. हे नुसतं सांगून लोकांच्या डोक्यात शिरत नाही, त्याला मेव्हिस लीव्हरची गोष्ट हवी. युद्ध सुरू झालं तेव्हा ती कॉलेजात जर्मन शिकत होती, ब्लेचलीला आली तेव्हा एकोणीस वर्षांची. इटालियन नौदलाचे एनिग्माचे संदेश तिच्या टेबलावर यायचे. एक दिवस एक लांबलचक संदेश आला, तिनं बघितला आणि तिच्या लक्षात आलं की अख्ख्या संदेशात एल हे अक्षर एकदाही नाही. एवढ्या मोठ्या मजकुरात एक अक्षर नाहीच असं होईल कसं? मग तिची ट्यूब पेटली. कुणा ऑपरेटरला डमी संदेश पाठवायला सांगितला होता आणि त्या आळशानं बसल्या बसल्या एलचंच बटण दाबत ठेवलं होतं! मूळ संदेश म्हणजे नुसतं एल एल एल एल. एल स्वतःचा एल होऊ शकत नाही म्हणून तेवढंच एक अक्षर गायब. त्यावरून त्या मशीनच्या चाकांची जोडणी उलगडायला वाट मिळाली. मार्च १९४१ मध्ये तिच्या विभागानं फोडलेल्या संदेशांमुळे इटालियन आरमार निघणार हे आधीच कळलं आणि मटापानच्या लढाईत ब्रिटिशांनी त्यांना गाठलं. ही नोट टाकल्यावर आमच्या ग्रुपवर पहिल्यांदाच गुड मॉर्निंगच्या फुलांऐवजी प्रश्न आले.

तिसऱ्या दिवशी माणसं. १९४५ च्या सुरुवातीला तिथे नऊ हजारांच्या आसपास माणसं कामाला होती आणि त्यातल्या चारातल्या तीन बायका. आठ ते चार, चार ते बारा, बारा ते आठ अशा तीन शिफ्ट. आमच्या मंडळात नर्स आहेत, आयटीत ऑन-कॉल असणारे आहेत, त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. नेमणुकाही कशा कशा, जानेवारी १९४२ मध्ये डेली टेलिग्राफनं शब्दकोडं बारा मिनिटांच्या आत सोडवायची स्पर्धा ठेवली, त्यात चमकलेल्या काहींना नंतर गुपचूप बोलावणं आलं. रोजचं शब्दकोडं सोडवून मगच आंघोळीला उठणारे सगळे बाबा लोक इथे सरसावून बसतात.

आणि गुप्तता. एका हटमधल्याला शेजारच्या हटमध्ये काय चालतं ते माहीत नसायचं. युद्ध संपल्यावरही तोंड बंद, १९७० च्या दशकापर्यंत बाहेर कुणाला पत्ता नाही. नवरा-बायको दोघंही ब्लेचलीत आणि एकमेकांना सांगितलेलं नाही, अशीही घरं होती. आपल्याकडे मंडळाची कमिटी मीटिंग संपायच्या आत बातमी स्लावला पोचते, त्या मानानं बघा.

एक नोट पोलंडवर जरूर करा, इंग्रजांच्या कौतुकात ते राहून जातं. एनिग्मा पहिल्यांदा फोडला तो पोलिश गणितींनी, मारियान रेयेव्स्की आणि त्याच्या दोन सोबत्यांनी, १९३० च्या दशकातच, आणि जुलै १९३९ मध्ये, युद्ध तोंडावर असताना, त्यांनी सगळं ब्रिटिशांच्या आणि फ्रेंचांच्या हवाली केलं. पार्कात तबेल्याच्या अंगणात त्यांचं स्मारक आहे, लोक त्याला वळसा घालून टॉयलेटला जातात, तुम्ही दोन मिनिटं थांबा.

मुलांसाठी मी एक कागद करते. नियम सोपा, प्रत्येक व्यंजन तीन घरं पुढे, काना-मात्रा तशाच. क चा घ, म चा ल, ल चा ष, म्हणजे कमल चं झालं घलष. मग कोचमध्ये चिठ्ठी वाटायची, "आज जेवायला आहे सता." ज्याला आधी सुटेल त्याला सता जास्तीचा मिळणार. (वडा हो. व चा स, ड चा त.) इथे जन्मलेली मुलं, ज्यांना बाराखडी म्हणायला सांगितलं तर पोटात दुखतं, ती कखगघ बोटांवर मोजत बसतात, आया धन्य होतात. मुलांनी सोडवलं की त्यांना विचारायचं, तुला नियम माहीत नसता तर काय केलं असतंस? आमच्यातल्या एका पोरीनं लगेच सांगितलं, रोज जेवायला काय असतं ते मला माहितीये ना, मग तेच शब्द लावून बघितले असते. अगदी हेच ते करायचे! जर्मनांचा रोजचा हवामानाचा संदेश असायचा, त्यात हवामान हा शब्द असणारच, मग तो शब्द संदेशाखाली ठेवून सरकवत जायचा, जिथे वरचं आणि खालचं अक्षर सारखं आलं ती जागा बाद, कारण एनिग्मात अक्षर स्वतःचंच होत नाही ना. एवढं कळलं की सहलीचे पैसे वसूल.

आता प्रत्यक्ष दिवस. आत शिरल्यावर व्हिजिटर सेंटर, तिथं वेळ घालवू नका, टॉयलेट आणि पुढे चला. सगळ्यांना बंगल्याकडे पळायचं असतं, कारण फोटो. नाही जायचं. डोकी ताजी असतात तोवर हट तीन, सहा आणि आठ. हट सहामध्ये जर्मन लष्कराचे आणि विमानदलाचे संदेश फोडायचे, मग ते शेजारच्या हट तीनमध्ये जायचे, तिथे जर्मनचं इंग्रजी करून अर्थ लावायचे. या दोन हटांमधून कागद कसे जायचे तर मधे एक लाकडी बोगद्यासारखी खोकी होती, त्यातून ट्रे झाडूच्या दांड्यानं ढकलायचा. जगातलं सर्वात गुपित खातं आणि झाडूचा दांडा. आमच्या एका आजी म्हणाल्या, मग काय, दांड्याशिवाय कुठलं ऑफिस चालतं.

आत आवाज येत राहतात, बोलण्याचे, टाइपरायटरचे, भिंतीवर सावल्या हलतात, त्या वेळी म्होरक्यानं गप्प बसायचं. समजावून सांगायचं ते बाहेर, आत नाही. हट आठमध्ये ट्युरिंगची खोली आहे, रेडिएटरला साखळीनं बांधलेला चहाचा मग दिसेल. कुणी पळवू नये म्हणून तो खरंच तसा बांधून ठेवायचा. आपल्याकडे एसटी स्टँडवर पाण्याच्या टाकीला पेला साखळीनं बांधलेला असतो ना, तसाच, त्यामुळे हे आमच्या सगळ्या ज्येष्ठांना फार आपलं वाटलं, त्या मगाचे फोटो बंगल्यापेक्षा जास्त निघाले.

साडेबाराला जेवण, आणि हे लवचिक ठेवू नका. तळ्याजवळच्या हिरवळीवर बसून खाता येतं. पोळी-भाजीचे रोल, वडे, दही-भात छोट्या डब्यांतून, ताट-वाटी प्रकरण नको, रस्सा तर नकोच. सतरंज्या दोन जास्त घ्या, खाली बसता न येणाऱ्यांसाठी चार घडीच्या खुर्च्या. कचऱ्याच्या पिशव्या आपल्या आपण आणायच्या आणि परत न्यायच्या. चहा तिथल्या कॅफेत घ्या, थर्मासातला चहा दुपारी एकपर्यंत काढा होतो. आणि तळ्याकाठी बसल्यावर सांगा की चर्चिल सप्टेंबर १९४१ मध्ये इथे येऊन गेला, आणि दीड महिन्यात चार कोडब्रेकर्सनी वरिष्ठांना वगळून थेट त्यालाच पत्र टाकलं, की आम्हाला माणसं कमी पडतायत, टायपिंगला मुली नाहीत, कामं अडलीयत. त्यानं त्याच दिवशी कारवाई करायचा शेरा मारला. मॅनेजरला डावलून एकदम वर मेल टाकायची हिंमत आपल्यात किती जणांत आहे यावर मग जेवण संपेपर्यंत चर्चा चालते.

जेवल्यावर ब्लॉक बी, तिथलं म्युझियम. एनिग्मा मशिनं इथेच बघायची, आणि ट्युरिंगचा पुतळा, पाटीच्या दगडाच्या लाखो चकत्या एकावर एक रचून केलेला, जवळ जाऊन बघा. पन्नास पौंडाच्या नोटेवर जो माणूस आहे तो हाच, २०२१ पासून. नोट कुणाकडेच नसते, मुलं मात्र मागतात. बाबा लोकांसाठी एक बारीक माहिती, ट्युरिंगचे वडील आयसीएस, मद्रास इलाख्यात नोकरीला, आणि आईचे वडील मद्रासकडच्या रेल्वेत चीफ इंजिनिअर. ट्युरिंगचा शेवट सगळ्यांना माहीत नसतो. समलैंगिक म्हणून १९५२ मध्ये त्याच्यावर खटला झाला, १९५४ मध्ये तो गेला, आणि शाही माफी मिळाली ती २०१३ मध्ये. मुलं आणि आज्या एकाच गटात असल्या की हे कसं सांगायचं असं मला टेन्शन होतं, मी सरळ सांगितलं. एक आजी इतकंच म्हणाल्या, "माफी यांनी मागायची की त्यानं?"

बंगला सगळ्यात शेवटी, दमलेल्यांना तिथे टेकायलाही मिळतं.

आता ज्यांच्या घरी इंजिनिअर आहेत (म्हणजे सगळेच) त्यांच्यासाठी. पार्काच्या आवारातच ब्लॉक एचमध्ये कॉम्प्युटिंगचं राष्ट्रीय म्युझियम आहे, पण ते वेगळं आहे, तिकीट वेगळं, उघडायचे दिवस वेगळे, तेव्हा आधी बघून घ्या. तिथे पुन्हा बांधलेला कोलोसस, म्हणजे संदेश फोडायला बनवलेलं भलंमोठं इलेक्ट्रॉनिक मशीन, चालू अवस्थेत आहे. इथे एक गल्लत सगळे करतात, कोलोसस एनिग्मासाठी नव्हता, तो हिटलरचे बडे अधिकारी वापरायचे त्या लोरेन्झ नावाच्या सांकेतिक मशीनसाठी. लोरेन्झ मशीन प्रत्यक्ष न बघता ब्लेचलीतल्या बिल टटनं नुसत्या संदेशांवरून त्याची रचना शोधून काढली आणि टपाल खात्यातल्या टॉमी फ्लॉवर्सनं डॉलिस हिलच्या वर्कशॉपमध्ये कोलोसस बांधला, १९४४ च्या सुरुवातीला तो चालू झाला, पहिल्यात सोळाशेच्या आसपास व्हॉल्व्ह. एनिग्मा फोडायला वापरायचं मशीन म्हणजे बॉम्ब, त्याचीही चालती प्रतिकृती याच म्युझियममध्ये आहे. नाव ऐकून मुलं दचकतात, फुटणारा नव्हे म्हणून आधीच सांगा. चालू केला की ढोल फिरतात आणि असा खडखडाट होतो की जुनी चक्की आठवते. एका सहलीत दोन्ही म्युझियम करू नका, थकतात लोक. इंजिनिअरांचा गट दुपारी वेगळा काढून द्या, बाकीचे तळ्याकाठी, सगळे खुश.

हे बॉम्ब बहुतेक पार्कात नव्हतेच, बाहेरच्या केंद्रांवर होते आणि त्यातली दोन मोठी केंद्रं कुठे, तर स्टॅनमोर आणि ईस्टकोट! आमच्या ग्रुपातली निम्मी घरं तिथून दहा मिनिटांवर. रोज ज्या रस्त्यानं डी-मार्ट शोधल्यासारखं इंडियन ग्रोसरीला जातो तिथे नौदलाच्या शेकडो मुली रात्रपाळीला हे ढोल फिरवत होत्या. हे परतीच्या वाटेवर स्टॅनमोरची पाटी दिसली की सांगा, आधी नको.

आणि आपला धागा विचाराल तर दोन गोष्टी. दिल्लीत आनंद पर्बतवर याच ब्लेचलीची शाखा होती, जपानी संदेश ऐकण्या-फोडण्यासाठी. दुसरी गोष्ट इटलीची. लोरेन्झवरून जाणारे इटलीतल्या जर्मन सेनापतीचे, केसेलरिंगचे संदेश ब्लेचलीत वाचले जात होते, आणि त्याच इटलीच्या आघाडीवर मराठा लाइट इन्फन्ट्री लढत होती. १० जुलै १९४४ ला माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे तिथे एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पुतळा माणगावला आहे, मुंबई-गोवा हायवेनं जाणाऱ्या कित्येकांनी बघितलाय. ही गोष्ट मी त्या पहिल्या सहलीतल्या काकांना सांगितली, ते मूळचे महाडचे, तर ते पुढच्या वर्षी आपणहून आले आणि सांगलीहून आलेल्या बहिणीला हट सहाच्या दारात उभं राहून एलची गोष्ट त्यांनीच सांगितली, जरा तिखटमीठ लावून.

निघायच्या आधी हेडकाउंट. डोकी मोजायला जाऊ नका, कुणीतरी नेहमी उठून उभं असतं. प्रत्येकाला सकाळीच नंबर द्यायचा आणि निघताना ओळीनं आपापला नंबर मोठ्यानं म्हणायचा, मराठीत, ही आमची प्रथा. मागच्या वेळी अडतीसपर्यंत व्यवस्थित आलं आणि एकोणचाळीसला शांतता. परत म्हटलं, एकोणचाळीस? कुणीच नाही. दोघं कॅफेकडे पळाले, एक तळ्याकडे, मुलाची आई रडायच्या बेतात, ड्रायव्हर घड्याळ बघतोय. आणि तो पोरगा खिडकीशी बसून मन लावून सता खात होता. त्याला थर्टी नाइन ठाऊक होतं, एकोणचाळीस म्हणजे तेच हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून लहान मुलांना दहाच्या आतले नंबर देतो.